गोदूबाईंचा अंगठ्याचा नेम

डोंबिवलीत कुणाच्या घरी लग्न ठरलं की लोक आधी भटजींकडे जायचे आणि मग गोदूबाईंकडे. भटजी मुहूर्त द्यायचे, गोदूबाई गव्हले. भिजवलेल्या रव्याची गोळी चिमटीत धरायची आणि अंगठ्याने वळून जिऱ्याएवढे दाणे ताटात पाडायचे, एवढंच काम. पण ते जमायचं एकट्या गोदूबाईंना. बाकीच्या बायकांचं ताट बघून त्या तोंडावर विचारायच्या, "हे गव्हले, का उंदराच्या लेंड्या?"

त्या उन्हाळ्यात लग्नं फार झाली आणि आषाढ लागेपर्यंत गोदूबाईंचा उजवा अंगठा धरला. सकाळी मिटलेला अंगठा दुसऱ्या हाताने ओढून उघडावा लागे, उघडताना कट्ट वाजे आणि मनगटातून कोपरापर्यंत कळ जाई. आंबेहळदीचा लेप झाला, एरंडाचं पान झालं, विटेने शेकून झालं. शेवटी यजमानांनी त्यांना स्टेशनजवळच्या डॉक्टरकडे नेलं.

"चार महिने काही वळायचं नाही, पिळायचं नाही, चिमटीत धरायचं नाही," डॉक्टर म्हणाला. "अंगठ्याला विश्रांती द्या."

"आमच्या घरात कुणालाच विश्रांती नाही. अंगठा काय जावई लागून गेलाय?"

डॉक्टरने लाकडाची पट्टी लावून अंगठा बांधून टाकला.

आणि नेमकं त्याच वर्षी गोदूबाईंच्या धाकट्या लेकीचं, सरोजचं, लग्न ठरलेलं. मार्गशीर्षातलं. मुलगा कल्याणचा, आणि त्याची आई हौसाबाई रुखवतातला गव्हला नखावर घेऊन डोळ्याशी धरते, अशी तिची ख्याती. सगळ्या गावाला गव्हले वळून द्यायचे आणि पोटच्या पोरीच्या रुखवतात दुसऱ्या कुणाच्या हातचे मांडायचे, या विचारानेच गोदूबाईंना घास गोड लागेना. अंगठा गेला हे कळलं, तर ज्या ज्या बाईला त्यांनी लेंड्या म्हटलं होतं ती ती समाचाराला येऊन बसली असती.

म्हणून त्यांनी पट्टीवर तांबडं फडकं गुंडाळलं. ते शेजारच्या शेवंतीने लगेच हेरलं.

"काय हो काकू, हाताला काय झालं?"

"व्हायचंय काय? नेम धरलाय, चातुर्मासाचा. उजवा अंगठा देवाला वाहिलाय. कार्तिकीपर्यंत वापरायचा नाही."

गोदूबाईंना वाटलं, विषय मिटला. पण चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी मुक्याने जेवतं, आणि दरवर्षी तेच तेच करून बायका कंटाळलेल्या. अंगठ्याचा नेम नवा होता. दुसऱ्या दिवशी शेवंतीच्या अंगठ्याला तांबडं फडकं. आठवड्याभरात अख्ख्या चाळीच्या.

मग चाळीत जे सुरू झालं ते विचारू नका. चार बोटांवर थापलेल्या भाकऱ्या होडीसारख्या वाकायला लागल्या. नारळ खवायला पुरुष बसले. देवाला विकतच्या वाती आल्या. शेवंतीचा नवरा दौलत वैतागून गोदूबाईंना म्हणाला, "काकू, देवाला पायाचा अंगठा नसता का चालला?"

"तुमच्या बायकोने तुमच्याच सौभाग्यासाठी धरलाय. मोडायला सांगू का?"

दौलत खोबरं खवायला गेला.

नेम सगळ्यांनी पाळला. सून सुमतीनेही पाळला, कारण सासूने काढलेला नेम सून कसा मोडणार? मोडला तो एकट्या गोदूबाईंनी. दुपारी चाळ निजली की त्या दार लावून घ्यायच्या, पट्टी सोडायच्या आणि हात राहिलाय का बघायला चिमूटभर रवा वळायच्या. बाहेर पडवीत तांदूळ निवडणाऱ्या सुमतीला आतला कट्ट आवाज ऐकू यायचा. ती तांदूळ निवडत राहायची.

तुळशीचं लग्न लागलं, फडकी सुटली आणि गव्हल्यांचा मुहूर्त आला. साड्यांचं बोलायला म्हणून हौसाबाईही नेमक्या त्याच दिवशी कल्याणहून आल्या. सुवासिनी ताटाभोवती बसल्या.

"विहीणबाई, तुमचा नेम आमच्या कल्याणातही पोचला हो," हौसाबाई म्हणाल्या. "माझं मनगट किती दिवस धरलेलं, कळशी उचलवत नव्हती. नेम धरला नि सुटलं बघा."

"माझीही सूज उतरली," शेवंती म्हणाली.

गोदूबाईंनी गोळी चिमटीत घेतली. पहिला गव्हला पडला. दुसऱ्याला अंगठा मिटला तो उघडेचना. त्यांनी हात पदराखाली नेला, पण सगळ्या बघतच होत्या.

शेवंतीने हात जोडले. "ठेवून घेतला हो. काकूंचा अंगठा देवाने ठेवूनच घेतला."

दोघीतिघी नमस्काराला वाकल्या. गोदूबाईंनी नुसती मान हलवायची होती. मान हलवली असती तर जन्मभर लोक अंगठ्याच्या पाया पडले असते. पण समोर रवा सुकत चालला होता. सुकला की चिरा पडतात, आणि चिरा पडलेला गव्हला हौसाबाईंच्या नखावर जाणार होता.

"देव कशाला ठेवून घेतोय असला झिजलेला अंगठा," त्या म्हणाल्या. "तो डॉक्टरने बांधलेला. नेमबीम काही नाही. तुम्ही पाळलात आणि मी दार लावून वळत बसले."

वाकलेल्या दोघीतिघी सरळ झाल्या. मग शेवंती म्हणाली, "म्हणजे आम्ही चार महिने उगाच वाकड्या भाकऱ्या खाल्ल्या?"

"अंगठे बरे झाले ना? मग कुरकुर कसली? सुमती, ये इकडे. बस माझ्या जागी."

सुमती बसली. तिच्या चिमटीतून दाणे पडायला लागले.

"जाड होतोय. अंगठा पुढे घे. एवढा दाबायला तो काय लिंबू आहे? हं. आता बरा."

हौसाबाईंनी समोरच्या कोनाड्यात सोडून ठेवलेली पट्टी आणि फडकं आणलं, गोदूबाईंचा हात आपल्या मांडीवर ओढला आणि बांधायला घेतलं. "आता दुपारीसुद्धा सोडायचं नाही," त्या म्हणाल्या. गोदूबाईंनी हात काढून घेतला नाही. गाठ मारून झाल्यावर हौसाबाईंनी ताटातला एक दाणा उचलला, नखावर ठेवला आणि उजेडाकडे धरला.

"बारीक आहेत हो. सुनेला हात आहे तुमच्या."

गोदूबाईंनी ताटात वाकून पाहिलं. "आहे," त्या म्हणाल्या. "आणि अजून बारीक होतील. मी आत्ता कुठे ओरडायला लागलेय."