ठमीचं वाकडं दार

वर्षापूर्वी आमच्या ठमीनं पार्लरमधली नोकरी सोडली, आईला माझ्या फ्लॅटमधून उचललं आणि गावाबाहेरच्या आमच्या बंद घरात जाऊन राहिली. शेळ्या पाळणार म्हणे! भाज्या पिकवणार! आणि कोण, तर जिनं आजवर फक्त दुसऱ्यांची नखं रंगवली ती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घर आम्हा दोघा भावंडांच्या नावावर, आणि मला ते विकून स्वतःचं सुतारकामाचं वर्कशॉप घ्यायचं होतं. शेवटी आईनंच तोडगा काढला. एक वर्ष ठमीला द्यायचं, मग दादा म्हणेल तसं. दादा म्हणजे मी.

वर्ष संपलं त्या रविवारी मी गेलो. संध्याकाळपर्यंत कळवतो, असं घराच्या गिऱ्हाइकाला सांगूनच निघालो होतो.

बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि कपाळाला हात लावला. टीव्हीच्या जागी रोपांचे ट्रे. मी शिकाऊ असताना केलेलं पुस्तकांचं कपाट मागच्या पडवीत आडवं झोपवलेलं, आणि त्यात कोंबड्या!

"अगं, सागवान आहे ते!"

"म्हणून तर टिकलंय," ठमी म्हणाली. "आणि कप्पे काय मापात केलेस रे दादा! एकेकीला एकेक खोली."

मनातून बरंच वाटलं, पण चेहरा मी तसाच घट्ट ठेवला.

आईनं काठी टेकत सगळं फिरून दाखवलं. माझ्याकडे असताना ही बाई दिवसभर खिडकीशी बसून असायची. जेवायलाही तीनदा हाका माराव्या लागायच्या. आता तिचाच आवाज अख्ख्या आवारात. पहिल्या खेपेची पिल्लं रोगानं गेली तेव्हा ठमी फोनवर ढसाढसा रडली होती, आणि मी म्हटलं होतं, झाली हौस? ये परत. आई म्हणाली, "फोन ठेवला, तोंड धुतलं आणि खुराडं घासायला बसली. शेळीचं दूध काढायला शिकली तेव्हा बोटं इतकी सुजली, की भाकरी मी मोडून द्यायची." ठमीचे हात मी तेव्हा नीट पाहिले. नखं पार तुटलेली, तळवे माझ्यासारखे. खरं सांगतो, पोरीचा अभिमान वाटला. पण वर्कशॉपही डोळ्यांसमोरून हलेना.

तेवढ्यात गोठ्याचं दार दिसलं. ठमीनं स्वतः बसवलेलं. अरे देवा! वरची बिजागरी एकीकडे, खालची दुसरीकडे, दार चांगलंच कललेलं. सुताराच्या बहिणीचं दार असं? ती घरात बादल्या भरत होती तोवर मी पिशवीतून ओळंबा काढला, बिजागऱ्या एका रेषेत आणल्या आणि दार सरळ केलं. कसं सुरेख उभं राहिलं!

ठमी दोन्ही हातांत बादल्या घेऊन आली, कमरेनं दार ढकललं आणि मागे न बघता आत गेली. दार उघडं ते उघडंच राहिलं. मालकीणबाई, म्हणजे थोरली शेळी, आरामात बाहेर आली आणि तिच्यामागे अख्खा परिवार थेट वाटाण्याच्या वाफ्यात.

पुढचा तमाशा विचारू नका. मी चिखलात दोनदा आपटलो. आई काठी उगारून शेळ्यांपेक्षा मलाच जास्त शिव्या देत होती. शेळ्या आत गेल्या तेव्हा वाफ्यात नुसते खुंट उरले होते.

"तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" ठमी धापा टाकत म्हणाली. "माझे दोन्ही हात कायम भरलेले असतात. दार मागे आपलं आपण लागावं म्हणून मुद्दाम कलतं बसवलं होतं. चार वेळा काढून घातलं तेव्हा जमलं." मग ती वाफ्याकडे बघत राहिली. आवाज एकदम बारीक झाला. "जाऊ दे. तसंही आता विकणारच ना तू? काय ठरवलंस, सांगून टाक एकदाचं."

खिशातला फोन वाजला. गिऱ्हाईकच होतं. मी फोन आईच्या हातात दिला.

"त्याला सांग, घर द्यायचं नाही. माझे हात गुंतलेत."

"आणि तुझं वर्कशॉप?" ठमीनं विचारलं.

"आहे ते भाड्याचं काय वाईट आहे? तो स्क्रूड्रायव्हर दे इकडे. आणि वरची बिजागरी किती बाहेर घेतली होतीस, ते नीट दाखव."

इतक्या वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच मी दार वाकडं बसवलं, तेही अगदी मन लावून. ठमीला डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, बादल्या उचलल्या होत्या तिनं. कमरेनं दार ढकललं आणि आत गेली.

मागे वळून पाहिलं नाही. दार लागलं.