यंत्राला नवा प्राण

सीताबर्डीवरच्या रक्तपेढीत त्या दिवशी रक्त द्यायला कोणी आलं नव्हतं. सगळे कॉम्प्युटरचं दर्शन घ्यायला आले होते. ही १९८८ सालची गोष्ट. कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला होता, उदबत्तीचा धूर थेट पडद्यावर जात होता आणि शेजारी रेशमी कफनीत यंत्रयोगी अभेदनाथ डोळे मिटून बसले होते.

"यंत्र हे शरीर," ते म्हणाले. "आतली प्रणाली हा त्याचा प्राण. तुमच्या यंत्राचा प्राण जीर्ण झाला होता. आम्ही आज नवा फुंकला. आता हे यंत्र माणूस ओळखतं!"

तेलाचे व्यापारी मारोतराव पुढे झाले. त्यांचं नाव टाइप केलं. पडद्यावर रोमन अक्षरं उमटली: "मारोतराव, महाल भागात राहता. गेल्या साली कावीळ झाली होती. आता जपा."

"अरे बाप्पा! याले कसं ठाऊक?" मारोतरावांनी कॉम्प्युटरलाच हात जोडले. मग रांगच लागली. यंत्र कोणाचं वय सांगे, कोणाचं गाव. बायकांनी पडद्याला कुंकू लावलं.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो आणि आमच्या विभागाचा कॉम्प्युटर सांभाळतो. पेढीचे अध्यक्ष गणपतराव यांना मी आठवडाभर आधीच बजावलं होतं, "मूळ प्रणाली बदलणं म्हणजे घराचा पाया बदलणं. करायचंच असेल तर आधी सगळ्या रक्तदात्यांच्या माहितीची वेगळी नक्कल काढा. नवी प्रणाली दुसऱ्या यंत्रावर चालवून पाहा."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. "तुमाले सगळ्यातच खोट दिसते गा, मास्तर."

पेढीत कॉम्प्युटरवर बसणाऱ्या सुमतीनेही विधी सुरू होताना विचारलं, "महाराज, नक्कल काढून ठेवू?"

अभेदनाथ हसले. "जुना प्राण डब्यात भरून ठेवशील, तर नवा राहील कुठे, मुली?"

जमलेले सगळे खदखदून हसले. गणपतराव म्हणाले, "तू काहून मधात बोलून राहिली वं?" सुमती खाली मान घालून बाजूला झाली. दात्यांची जुनी कार्डं तर कॉम्प्युटर आला तेव्हाच रद्दीत गेली होती.

दिवाळी झाली. तोवर यंत्रात दाता शोधायची वेळ आली नव्हती. एका दुपारी मौदा गावचा कवडू धावत पेढीत आला. त्याची बायको देवकी मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी इस्पितळात, बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. रक्तगट ओ निगेटिव्ह. पेढीच्या फ्रिजमध्ये त्या गटाची बाटली नव्हती, पण असे दाते शहरात होते आणि त्यांचे पत्ते याच यंत्रात होते.

सुमतीने रक्तगट टाइप केला. पडद्यावर आलं: "शोध आपल्या अंतरात आहे."

तिने पुन्हा टाइप केला. "संयम ठेवा. कल्याण होईल."

"ताई, काय म्हणते मशीन?" कवडू विचारत होता. "नाव सांगा, मी सायकलनं जातो, माणूस घेऊन येतो."

गणपतरावांनी अभेदनाथांना फोन लावला. तिकडून आवाज आला, "अश्रद्ध हातांना यंत्र उत्तर देत नाही. बसणाऱ्याला आधी स्नान करायला लावा."

सुमतीने फोन हिसकावून आपटला आणि मला बोलावणं धाडलं. मी यंत्र उघडून पाहिलं. आत विधीच्या पाहुण्यांखेरीज एकाही दात्याच्या माहितीचा मागमूस नव्हता. मग आम्ही होस्टेलं पालथी घातली, कारखान्यांना फोन केले. संध्याकाळी एक विद्यार्थी सापडला. त्याला घेऊन मेडिकलला पोचलो तेव्हा कवडू वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून उभा होता. त्याने विद्यार्थ्याकडे पाहिलं आणि नुसतं म्हटलं, "राहू द्या आता."

पेढीत भरलेल्या देवकीच्या शोकसभेला अभेदनाथ स्वतः आले. कफनी पांढरी. "आयुष्याची दोरीच तेवढी होती," ते सांगू लागले. "यंत्राने ते जाणलं, म्हणूनच ते मौन राहिलं."

मी उठलो. "यंत्र जाणतं ना? मग त्यालाच विचारू." आणि सगळ्यांसमोर मृत देवकीचं नाव टाइप केलं.

पडद्यावर आलं: "आपण दीर्घायुषी आहात. आनंदी राहा."

कवडूला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. "काय लिवलं?" त्याने सुमतीला विचारलं. तिने तोंडावर पदर धरला.

मग मी साध्या भाषेत सांगितलं. विधीच्या आदल्या दिवशी हा माणूस 'ध्यानासाठी' यंत्रापाशी एकटा बसला होता. निमंत्रित पाहुण्यांची माहिती त्याने आपल्या फ्लॉपीत उतरवून घेतली. ती माहिती त्या लोकांनीच रक्त देताना लिहून दिलेली होती. मारोतरावांची कावीळही तिथलीच. मग विधीच्या वेळी नवी प्रणाली घालण्यासाठी त्याने यंत्राची डिस्क कोरी केली. हजारो दात्यांची नावं क्षणात पुसली गेली, परत भरली ती फक्त फ्लॉपीतली. अनोळखी शब्द आला की पाच ठरीव वाक्यांतलं एक फेकायचं, एवढीच त्याची सिद्धी.

अभेदनाथ मागच्या दाराने गेले. कोणी अडवलं नाही. समितीने 'तांत्रिक दोष' असा ठराव केला. ऐकलं की पुढच्या महिन्यात ते अमरावतीत एका पतसंस्थेच्या यंत्रात प्राण फुंकत होते.

पेपरात बातमी वाचून अजनीचे रेल्वे फिटर धोंडबा पेढीत आले. मेडिकलपासून हाकेच्या अंतरावर राहणारे, ओ निगेटिव्हचे जुने दाते. "मी तं त्या दिवशी घरीच होतो," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "मले कोणी बोलावलंच नाही."

नव्या प्रणालीला माझा विरोध नाही. पण ती घालणाऱ्याला आधी विचारा: जुन्या माहितीचं काय होणार? बिघडलं तर मागे कसं यायचं? नक्कल काढा, ती उघडते का ते स्वतः पाहा, मगच यंत्राला हात लावू द्या. आणि जो उत्तराऐवजी तुमच्या श्रद्धेची परीक्षा घेईल, त्याला तिथूनच परत पाठवा. चारचौघांत विचारायची लाज वाटली, तर एकदा मौद्याला जाऊन या. कवडूची म्हातारी आई देवकीच्या तान्ह्या पोरीला बाटलीने दूध पाजत असते.