उघडा झिरा

“हाड! हाड! अवं, ही जाऊन काहून नाई राह्यली?”

दिपालीनं दुसरा खडा मारला. तो चितळाच्या मादीच्या पायाशी वाळूत पडला. मादीनं कान हलवले, पण जागा सोडली नाही. एरवी पाण्याच्या गुंडांचा, त्या पितळी भांड्यांचा, नुसता आवाज झाला तरी चितळं नाल्यापलीकडे पसार होतात. आज सात बाया उतरून खाली आल्या, तरी ही आपली झिऱ्यापाशी उभीच.

“मारू नको व,” मागून रुखमाबाई म्हणाली. गुडघ्यांमुळे ती नेहमीच सगळ्यांच्या मागून उतरायची. “तिले काईतरी झालं असन.”



झरी जामणीच्या जंगलातलं हे कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वस्ती, बावीस घरांचं. हापसी मार्चमध्येच नुसती हवा ओकायला लागते. गेल्या वर्षी घरोघर नळ आले, चांगले तोटीसकट आले. त्यातून पाणी यायचं तेवढं बाकी आहे. टँकर पक्क्या सडकेपर्यंत येतो म्हणतात, आणि सडक चार किलोमीटरवर. तेव्हा एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत पोड जगतं ते झिऱ्यावर. कोरड्या नाल्याच्या वाळूत खड्डा करायचा, थेंबथेंब पाणी झिरपेल तसं नारळाच्या नरोटीनं भरायचं.

झिरा कुठे खोदायचा, कधी उपसायचा, आधी कोणाचा नंबर, हे सगळं रुखमाबाई ठरवायची. तिला हा मान कुणी दिला नव्हता. सासू गेली आणि तिची नरोटी हिच्या हाती आली, एवढंच. साठीच्या घरात आलेल्या या बाईनं आयुष्यात दुसरं काही नावाजण्यासारखं केलं नव्हतं. पण दोघी जणी पाण्यावरून हातघाईवर आल्या तर “रुखमाबाई म्हणन तसं” यावर भांडण मिटायचं.

सासूनं तिला दोन गोष्टी पक्क्या सांगितल्या होत्या. एक, झिऱ्याची एक बाजू उतरती ठेवायची, म्हणजे लहानात लहान पिल्लालाही पाण्यापर्यंत जाता यावं आणि वरही येता यावं. दुसरी, जाताना झिरा झाकायचा नाही. “दिवसा आपला, रातच्याले त्याईचा,” म्हातारी म्हणायची. त्याईचा म्हणजे अस्वलांचा, सांबरांचा, चितळांचा, आणि कधीमधी वाघाचाही. सकाळी बाया आधी वाळूतले माग बघायच्या. मोठा पंजा ताजा दिसला तर काठावर बसून गुंड वाजवायच्या आणि मग खाली उतरायच्या. चाळीस वर्षांत हा करार दोन्हीकडून कुणी मोडला नव्हता.

यंदा पाणीच खाली गेलं. मे उजाडला तेव्हा झिरा पुरुषभर खोल झाला होता. एवढ्या खोलीला उतार द्यायचा तर अर्धा नाला खणावा लागतो, आणि वाळू काय ऐकते? पंधरा दिवसांपूर्वी ती ढासळली, नेमकी रुखमाबाईची सून पायल आत उतरलेली असताना. कमरेपर्यंत गाडली गेली. बायांनी हात धरून ओढून काढली. पायलला सातवा महिना होता, आणि आधीची दोन्ही पोटं पडली होती. दोन दिवस अंगावरून गेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं पडून राहायला सांगितलं, आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. भरपूर पाणी! गोळी लिहून द्यावी तितक्या सहज तो ते बोलला. रुखमाबाईला त्याचा असा राग आला, की ती दवाखान्याच्या पायरीवरच पुटपुटत बसली होती.

घरी आल्यावर तिनंच मुलाला, मारोतीला, दोन निळे प्लास्टिकचे ड्रम आणायला लावले. त्यांची बुडं आणि तोंडं कापून, एकावर एक जोडून एकच लांब ड्रम केला आणि तो झिऱ्यात उभा बसवला, भोवती वाळू भरली. काठ वीतभर वर राहिला. आता वाळू ढासळायची भीती नाही, पाणी नितळ, आणि वरूनच दोरीला डबडं बांधून शेंदायचं. बाया खूश झाल्या.

दिपाली तेवढी म्हणाली होती, “मावशी, याच्यावर फळी टाकू रोज जाताना. उतार तं राह्यला नाई. काई पडन आतमंदी.”

रुखमाबाई तिच्यावर उखडली होती. “झिरा झाकाचा नसते! माह्या सासूनं मरेलोक झाकला नाई, मी कायले झाकू? जनावराईच्या तोंडावर दार लावू?”

रुखमाबाईनं मग आपल्या वाटणीतून रोज संध्याकाळी एक घमेलं भरून वाळूवर ठेवायला सुरुवात केली. साऱ्या जंगलाला एक घमेलं! तोंडाला पानं पुसण्यातलाच प्रकार, आणि हे तिला कळत होतं.

आज ते घमेलं पालथं पडलं होतं. भोवतीची वाळू खुरांनी पार उकरून निघाली होती. रुखमाबाई पुढे झाली, तशी मादी चार पावलं मागे सरली, पण गेली नाही. रुखमाबाईनं ड्रमच्या काठाला हात टेकले आणि आत वाकून पाहिलं.

पाणी दीड हात होतं. त्यात पिल्लू होतं. पाठीवरचे ठिपके पाण्यावर दिसत होते, मान खाली गेलेली. ड्रमच्या आतल्या बाजूनं निळ्या प्लास्टिकवर पांढरे ओरखडे उठले होते, पुढच्या खुरांचे. किती तरी ओरखडे होते.

“काय हाये व मावशी?” म्हणत दिपालीनंही वाकून पाहिलं. मग ती सरळ झाली आणि पदराशी चाळा करत राहिली. ‘मी सांगतलं नव्हतं?’ असं ती म्हणाली असती तर रुखमाबाईला बरं वाटलं असतं. दिपालीनं डबड्याची दोरी सोडायला घेतली.

दोरीचा फास करून त्यांनी पिल्लू वर घेतलं. भरलेल्या कळशीपेक्षा हलकं भरलं. रुखमाबाईनं ते पदरानं पुसलं. का पुसलं, तिचं तिलाच ठाऊक. काठावरच्या करंजाखाली तिनं ते ठेवलं आणि सगळ्या बाजूला झाल्या. मादी आली. तिनं हुंगलं. नाकानं एकदा ढकललं, थांबली, पुन्हा ढकललं. सात जणींतली ममता तोंड फिरवून रडायला लागली. तिच्या घरीही तान्हं होतं.

“माह्यानं झालं हे,” रुखमाबाई म्हणाली. “उतार मीच मोडला, अन् झाकू बी मीच नाई देल्लं. म्हातारीचं अर्धंच आयकलं मी.”

“तुम्ही काय जानूनबुजून केलं का?” दिपाली म्हणाली.

“जानून नाई केलं. पन मेलं तं.”

ममतानं डोळे पुसले आणि जे सगळ्यांच्या मनात होतं ते बोलून दाखवलं. “मावशी, पानी उपसा लागन. हे पेता नाई येत.”

रात्रभर झिरपलेलं सगळं पाणी. ते फेकलं की पुन्हा भरायला दुपार होणार. घरी पायलच्या उशाशी एक तांब्या होता, तोही रात्रीचा. पण इलाज नव्हता. दिपाली शेंदत गेली आणि रुखमाबाई डबडं डबडं वाळूवर ओतत गेली. तहानलेल्या सात बायांच्या डोळ्यांदेखत वाळू ते पीत होती.

शेवटचं डबडं ओतल्यावर रुखमाबाईनं ड्रमचा काठ दोन्ही हातांनी पकडला. “काढून टाकू हा. नाई पायजे मले.”

“काढा,” दिपाली हळूच म्हणाली. “मंग वाळू पडन. मंग पायल काय पेईन?”

“मंग झाकू आजपासून.”

“झाकू. फळी आनतो मी.”

“अन् मंग हे काय पेतीन?”

दिपालीनं मादीकडे पाहिलं. रुखमाबाईचे हात काठावरून सुटले. सासू असती तर काय म्हणाली असती, हे तिनं आठवून पाहिलं. काही आठवेना. सासूला एवढं खोल कधी खणावंच लागलं नव्हतं. ती बिचारी दोन गोष्टी सांगून मोकळी झाली, आणि दोन्ही पाळणं आता कुणाच्याच हातात राहिलं नव्हतं. रुखमाबाईला एकदम खूप म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

“मावशी,” ममता कुजबुजली, “आली पाह्य.”

मादी पिल्लाला सोडून खाली येत होती. सात बाया वाटेत उभ्या होत्या, तरी येत होती. एक पाऊल टाकायची, थांबायची, पुन्हा टाकायची. ओतलेल्या पाण्यानं वाळू जिथे काळी झाली होती तिथे ती पोचली, मान खाली घातली आणि ओली वाळू चाटायला लागली.

ममतानं हाकलायला हात उचलला. रुखमाबाईनं तिचं मनगट धरलं.

“पेऊ दे.”

“पेऊन कुठी राह्यली मावशी, वाळू चाटून राह्यली ते.”

“असू दे.”

ऊन चढत होतं. ड्रमच्या तळाशी पुन्हा ओल धरली होती, पण आवाजानं ती बिचकेल म्हणून डबडं आत सोडायला कुणी पुढे झालं नाही. रिकामी कळशी कमरेवर घेऊन रुखमाबाई उभी होती. मादीच्या नाकाला, ओठांना वाळू चिकटली होती. ओल कडेनं सुकत चालली, तशी ती अर्धं अर्धं पाऊल पुढे सरकत होती.