महाबली बाबांचा मंतरलेला कमरबंद

"उचललं! उचललं हो, सानातोनने उचललं!"

आमच्या वस्तीच्या क्लबसमोरच्या मैदानात असा गलका उठला, की शेजारच्या तळ्यातली बदकं दुसऱ्या काठाला पळाली. मासळीवाली सानातोन हातात लोखंडी दांडा घेऊन ताठ उभी होती. दांड्याच्या दोन्ही टोकांना जाडजूड चकत्या. थोड्याच वेळापूर्वी हाच दांडा तिला जमिनीवरून तसूभर हलवता आला नव्हता. मध्ये एकच गोष्ट घडली होती. वस्तीत नुकत्याच आलेल्या महाबली बाबांनी तिच्या कमरेला लाल कापड करकचून गुंडाळलं होतं.

"ठेव आता खाली, बाई," गर्दीतून तिचा नवरा म्हणाला. आवाजात अभिमान कमी आणि घरी गेल्यावर आपलं काय होणार याची काळजी जास्त.

"मातांनो!" बाबा गरजले. "हे कापड नाही! हा डोंगरांचा श्वास आहे! याच्या एका धाग्यात वाघाचं बळ, दुसऱ्यात हत्तीचं, आणि तिसऱ्यात..." इथे बाबांना तिसरा प्राणी आठवेना. "तिसऱ्यात त्या दोघांचं मिळून!"

बायका कापडावर तुटून पडल्या.

कमरेला घट्ट कापड गुंडाळायची आमच्या मणिपुरी बायकांची जुनी रीत. ख्वांगचेत म्हणतात त्याला. लावणीला जाताना, ओझं वाहताना, बाळंतपणातून उठताना, आमच्या आया ते बांधायच्याच. मग मुलींनी ट्रॅकपँट चढवली आणि ख्वांगचेत पेटीच्या तळाशी गेलं. बाबांनी नेमकं तेच हेरलं. "तुमच्या आज्या एवढ्या बळकट का होत्या, सांगा!" असं ते विचारत. आज्या बळकट होत्या कारण त्या दिवसभर पाण्याचे हंडे वाहत. पण असलं उत्तर गंडा म्हणून विकता येत नाही.

मी हे सगळं माझ्या भज्यांच्या दुकानातून बघत होते. आणि मला हसू येत नव्हतं, कारण कापडाच्या रांगेत सगळ्यात पुढे लिन्थोइ उभी होती.

लिन्थोइ माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ फौजेत, म्हणून पोरगी माझ्याकडे. आमच्याकडे मुली वजनं उचलतात, यात कुणाला नवल नाही. नवल असतं ते एखादी उचलत नसेल तर. लिन्थोइची येत्या रविवारी क्रीडा वसतिगृहासाठी निवड चाचणी होती. निवड झाली तर शाळा, जेवण, शिकवणं, सगळं तिथेच. पुढे नोकरीचीही वाट. नाही झाली तर माझ्या दुकानात कांदा चिरायचा. ती दोन वर्षं त्या एका दिवसासाठी घाम गाळत होती.

तिला शिकवायची मेमचा ओजा. मेमचा तिचं नाव, ओजा म्हणजे गुरू. एके काळी राज्यासाठी उचलायची, आता क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिट्टी फुंकायची. ही बाई काय चीज आहे ते मला स्वतःला ठाऊक होतं, कारण हिवाळ्यात गॅसचा सिलिंडर सरकवताना माझी कंबर धरली, आणि डॉक्टरांनी "स्नायू मजबूत करा" म्हणून मला तिच्याच शेडमध्ये पाठवलं. ओजाने माझ्या हातात बांबू दिला.

"हे काय? मी कपडे वाळत घालायला आलेय?"

"आधी वाकायला शीक, इबेतोन," ती म्हणाली. "वजन कुठे पळून जात नाही."

"पन्नाशीला टेकलेय मी. आजवर काय न वाकताच जगले?"

"वाकलीस. म्हणून तर इथे आलीस."

मग महिनाभर बांबू. पाय दांड्याखाली, दांडा नडगीजवळ, ढुंगण मागे, पाठ फळीसारखी सरळ, पोटात श्वास भरून धरायचा, आणि जमीन पायांनी खाली ढकलायची. मी पाठ वाकवली की ओजा ओरडायची, "कोळंबी! कोळंबी झालीस!" बांबूनंतर रिकामा दांडा, मग बारीक चकत्या, मग थोड्या मोठ्या. घाई केली की शिट्टी. आता सिलिंडर मी एकटी उचलते आणि कंबर कुरकुरत नाही. यात चमत्कार काहीच नव्हता. होता तो कंटाळा, आणि तो फार उपयोगी ठरला.

त्या रात्री जेवताना लिन्थोइच्या पोटावर लाल कापडाची लाडवाएवढी गाठ दिसत होती.

"हे काढून जेव. भात जाणार कुठे?"

"काढायचं नाही, इने," ती म्हणाली. आमच्याकडे आत्याला इने म्हणतात. "गाठीत मंतरलेली माती आहे. रविवारपर्यंत अंगावर हवं."

"आणि ओजा काय म्हणते?"

"ओजा फक्त चुका सांगतात. कोपर वाकलं, टाच उठली, घाई केलीस. बाबा म्हणाले, तू आधीच महाबली आहेस." तिने खाली बघून भात चिवडला. "इने, मला तो दांडा बघितला की भीती वाटते. कापड बांधलं की वाटत नाही. तुला नाही कळायचं."

मला कळलं. म्हणूनच मी तिच्यावर ओरडले नाही. पोरीला बळ नको होतं, धीर हवा होता, आणि तो बाबांनी लाल कापडात बांधून विकला होता.

दुसऱ्या दिवशी ओजा दुकानावर आली आणि तिने हिरवी मिरची कचाकच चावून खाल्ली. म्हणजे प्रकरण गंभीर.

"तुझी पोरगी दांडा अंगापासून लांब ओढतेय," ती म्हणाली. "का, तर ती गाठ! दांडा डोक्यावर नेताना अंगाला लागून वर यायला हवा. तो गाठीला अडकू नये म्हणून ही त्याला पुढे झोकते. आणि वजन पुढे गेलं की त्याच्यामागे माणूस जातो. आज सकाळी खांदा थोडक्यात वाचला."

"सांग ना तिला."

"सांगितलं. म्हणाली, ओजा, तुमची श्रद्धा कमी आहे. मी आत्ता जाते आणि त्या बाबाची दाढी..."

"थांब. तू दाढी ओढलीस तर लोक भांडण बघतील आणि कापड घेऊन घरी जातील. आधी बघू दे, तो करतो काय."

संध्याकाळी मी दुकान सोडून पुढच्या रांगेत जाऊन बसले. बाबांनी एका शिक्षिकेला बोलावलं.

"आधी नम्र व्हा!" ते म्हणाले. "लोखंडाला दुरून नमस्कार करा! गुडघे वाकवायचे नाहीत, अहंकार वाकवायचा! आता तसंच, वाकल्या वाकल्या, उचला!"

शिक्षिकेने ओढलं. दांडा ढिम्म. मग कापड आलं, मंत्र आले, आणि बाबांचा सूर बदलला.

"आता भूमातेच्या कुशीत या! जवळ, अजून जवळ, लोखंड नडगीला टेकू दे! मातेच्या मांडीवर बसा! छाती माझ्याकडे, नजर माझ्याकडे! मी मंत्र फुंकतो, तो पोटात कोंडा! उभं राहीपर्यंत सोडाल तर वाया!"

दांडा उचलला गेला. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी तोंड उघडं टाकून बसले होते. अरे, हे तर ओजाचंच सगळं! फक्त कोळंबीच्या जागी भूमाता!

शुक्रवारी मैदान ठासून भरलं होतं. बाबांनी "कुणी शंकेखोर?" असं विचारलं, तशी मी उठले.

"या माते, या. वय काय तुमचं?"

"वजन उचलायचंय ना? मग वय कशाला?"

मी कापड घेतलं नाही. दुरून नमस्कारही केला नाही. सरळ दांड्याखाली पाय घातले, श्वास भरला, उचलला, ठेवला. 

"पाहा!" बाबा ओरडले. "माझी शक्ती मैदानभर पसरली आहे!"

"मग कापड विकत कशाला घ्यायचं?" मागून कुणीतरी विचारलं. "मैदानात उभं राहिलं की झालं!"

"ते खरं नाही," सानातोनचा नवरा म्हणाला. "इबेतोन हिवाळ्यापासून शेडमध्ये जाते. तिच्यात जोर आहे."

"बरोबर बोललास," मी म्हणाले. "म्हणून मी नाही, तुझी बायको उचलेल. सानातोन, ये गं."

मी तिच्या कमरेला माझ्या दुकानातलं हात पुसायचं कापड गुंडाळलं. त्याला सुक्या मासळीचा असा वास होता की कुठलाही मंत्र जवळ फिरकला नसता. घट्ट बांधलं, पाय जवळ घ्यायला लावले, पाठ सरळ, श्वास कोंडून. दांडा वर आला! मग बाबांचं खास लाल कापड बांधलं, तितकंच घट्ट, पण यावेळी तिला बाबांच्याच रीतीने दुरून नमस्कार घालायला लावला.

दांडा जागचा हलला नाही.

"श्रद्धा कमी पडली!" बाबा म्हणाले.

"श्रद्धा?" सानातोन कडाडली. "सकाळपासून उपाशी आहे मी तुमच्या पायी!"

"मग बाबा, तुमची श्रद्धा तर कमी नाही ना?" मी हात जोडले. "तुम्हीच दाखवा. कापड तुमचं, मंत्र तुमचा. नम्र होऊन, दुरून."

"बाबा! बाबा!" लोक ओरडायला लागले. बाबांनी इकडे तिकडे पाहिलं. पळायला जागा नव्हती.

"नको, पाठ जाईल!" ओजा मागून खरंच कळवळून ओरडली. पण बाबा पाय ताठ ठेवून वाकले, हिसका दिला, आणि "अंऽऽ" असा आवाज आला. दांडा खालीच. बाबाही खालीच. वाकलेले ते वाकलेलेच राहिले.

गर्दीला वाटलं, बाबा आशीर्वाद देतायत. पहिल्या रांगेने वाकून नमस्कार केला. दुसरीनेही केला. थोडा वेळ अख्खं मैदान एकमेकांपुढे वाकून उभं होतं, आणि मधून बाबांचा बारीक आवाज येत होता, "उठवा... अहो, मला उठवा..."

ओजाने त्यांना आडवं केलं, पोटऱ्या खुर्चीवर टेकवल्या आणि म्हणाली, "असेच पडा. घाबरू नका, उसण उतरेल." मग ती लोकांकडे वळली. "ऐका. लांब उभं राहून, पाठ वाकवून ओढलं तर सगळा भार पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतो आणि पायांचा जोर वाया जातो. जवळ उभं राहून, बसून उचललं तर पाय आणि कुल्ले काम करतात. पोटात श्वास धरून तो घट्ट कापडावर दाबला की धड खांबासारखं टणक राहतं. म्हणून आज्या ख्वांगचेत बांधत. काम कापडाच्या घट्टपणाने होतं. रंग कुठलाही चालेल. यांनी आधी तुम्हाला चुकीचं उचलायला लावलं, मग बरोबर. मधल्या फरकाची दक्षिणा घेतली."

बायका कमरेची कापडं सोडायला लागल्या. लिन्थोइ तशीच उभी होती. डोळे भरलेले, पण राग माझ्यावर.

"झालं तुझं समाधान? आता रविवारी मी काय करू? माझ्याकडे तेवढंच होतं!"

"ये, बस." मी तिला दांड्याशेजारी खाली बसवलं. "दोन वर्षं उन्हातान्हात शेडमध्ये कोण जायचं? कापड?"

"मी."

"हातांना घट्टे कुणाच्या पडलेत? बाबांच्या?"

तिला हसू आलं आणि तिने ते गिळलं. "पण भीती वाटते ना, इने."

"वाटू दे की," ओजा म्हणाली. आवाज कधी नव्हे तो मऊ होता. "मलाही दर वेळी वाटायची. भीती वाटली म्हणून पाय जागा चुकत नाहीत, शिकवलेले असले तर. आणि चुका सांगते कारण बाकी सगळं बरोबर असतं. ते मी तुला कधी बोलले नाही, ते मात्र चुकलंच."

लिन्थोइने गाठ सोडली. आतून माती निघाली ती आमच्याच तळ्याकाठची, बदकाच्या पिसासकट. मग तिने दांडा डोक्यावर न्यायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा दांडा पुढे गेला आणि तिने तो नीट टाकून दिला. दुसऱ्यांदा तो अंगाला लागून सरळ वर आला आणि तिथेच थांबला. ओजाने शिट्टी वाजवली नाही. ती नाक पुसत होती.

वाचणाऱ्यांनो, मी काही शिकलेली बाई नाही, पण एवढं सांगते. कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला तर त्याची एकेक गोष्ट काढून घेऊन बघा: कापड बदला, मंत्र गाळा, माणूस बदला. तरीही काम होत असेल, तर बळ त्या गोष्टीत नव्हतं. आणि अंगात ताकद हवी असेल तर जाणत्या माणसाकडे जा, हलक्यापासून सुरू करा, वाकायचं कसं ते शिका, आणि कंटाळा आला तरी उद्या परत जा. याला दुसरा मंत्र नाही. असेल असं जो म्हणेल, त्याला आधी वाकून दाखवायला सांगा.

रविवारी लिन्थोइची निवड झाली. यादीत शेवटून दुसरी, पण यादीत. बाहेर पडताना एका मुलीने गळ्यातले, दंडावरचे ताईत सावरत तिला विचारलं, "तुझ्या अंगावर तर काहीच दिसत नाही. उचलायच्या आधी तू काय बांधतेस गं?"

"बुटांच्या नाड्या," लिन्थोइ म्हणाली. "घट्ट."