सहापर्यंतचं गाणं

धम्मदीपाबाई रिठदहून रोज स्कुटीवर तांड्यावर यायच्या. शाळेला एक खोली, सतरा लेकरं, चार वर्ग आणि बाई एकटी. पहिलीच्या लेकरांना आकडे वहीत सापडत नाहीत, म्हणून बाईंनी ते गाण्यात घातले होते. दोन-चार दिवसांनी एक आकडा वाढायचा.

एका वातीची पणती गं, दोन पंखांचं पाखरू,
तीन दगडांच्या चुलीपाशी निजलं लेकरू,
चार पायांची बाज गं, पाच बोटांची मूठ,
सहा पायांच्या मुंगीताई, ऊठ गं ऊठ.

सगळ्यात मोठ्यानं गायची पिंकी. पण ऊसतोडीची गाडी तांड्यावर येऊन लागली, आणि तिचा बाप सेवादास शाळेच्या दारात उभा राहिला.

"पोरीले नेतो म्याडम. लहान्याले पाह्याले कोनी नाही फडात."

"ठेव ना रे भाऊ. आजी आहे की घरी."

"आजी दिवसभर मजुरीले जाते." तो हसला. "तुमचं बरं हाय. सावलीत बसाचं, लेकरायवर वरडाचं, पाच वाजता घरी. आमी दिसभर कोयता मारतो अन् सांजीले टनावर मोजून देतो. तुमचं काय मोजतेत?"

मागून पिंकीचा आवाज आला, "मुंगीताई, ऊठ गं ऊठ."

सेवादासनं मान खाली घातली. "शाळा रोज उघडी राहीन ना? दुपारी खिचडी भेटन, अन् तुमची नजर राहीन. तसं असन त ठेवतो."

"रोज राहील. मी शब्द देते."

गाडी सेवादासला, त्याच्या बायकोला आणि तान्ह्याला घेऊन गेली. पिंकी राहिली.

चौथ्या दिवशी आदेश आला. मतदारयादीची घरोघरी पडताळणी, वीस दिवस. बाईंनी साहेबांना फोन केला. "सर, माझी शाळा बंद पडेल."

"सगळ्यांच्याच पडतात, मॅडम. कामाला नाही म्हणू नका."

तांडा बाईंच्याच यादीत होता. म्हणून पहिले दोन दिवस बाईंनी शाळाच सोबत घेतली. पुढे बाई, हातात अर्जांचा गठ्ठा. मागे सतरा लेकरांची रांग. बाई एका दाराशी नावं विचारायच्या, पुढच्या दारापर्यंत पाढा म्हणून घ्यायच्या. दुपारी शाळेत जाऊन खिचडी वाढायच्या, की पुन्हा दारं.

पानटपरीवरचा लखन ओरडला, "म्याडम, फिराचाबी पगार भेटते का तुमाले?" टपरीवरचे सगळे हसले. बाईही हसल्या. त्यांची टाच फुटली होती, आणि त्या दिवशी डबा उघडायचा राहिला होता.

तिसऱ्या दिवशी लांबच्या एका गावची दोनशे घरं त्यांच्या गळ्यात पडली. पोरं तिथवर कशी न्यायची? शाळेला कुलूप लागलं. बदली माणूस मागितला होता, तो आलाच नाही.

तांड्यावरची उरलेली घरं करायला बाई परतल्या, तेव्हा आठ दिवस उलटले होते. सेवादासच्या दारालाही कुलूप होतं.

लखन टपरीवरून उतरून आला. या वेळी तो हसला नाही.

"तीन दिस आजीनं पोरीले शाळेच्या पायरीवर बसोलं. खिचडी नाही, कोनी नाही. सांजीले आजी येये तवा पोरगी तिथंच झोपेल राहे. मंग मुकादमाची दुसरी गाडी आली, त दोघीबी गेल्या."

घर बंद असेल तर फोन लावून खात्री करायची, असं अर्जावर छापलेलं होतं. बाईंनी फोन लावला.

"सेवादासभाऊ, मी शाळेची मॅडम."

"हा म्याडम, बोला." मागं कोयत्यांचा सपसप आवाज. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "तुमालेबी लय काम लावलं म्हने. आजी सांगे."

"मी शब्द दिला होता, भाऊ."

"जाऊ द्या. पिंकी लहान्याले सांभाळते आता. झोळी हालवते अन् तुमचं गानं म्हनते. घ्या, बोला तिच्यासंग."

"म्याडम," पिंकी म्हणाली, "मुंगीताईच्या पुढं काय हाय? मी तिथंच अडकते. लहान्या रडते."

सात. सातची ओळ बाईंनी अजून केलीच नव्हती. आदेश आला त्या संध्याकाळी करणार होत्या.

"सांगते हं बाळा," त्या म्हणाल्या. पलीकडं तान्हं रडायला लागलं. कोणीतरी पिंकीला हाक मारली, आणि फोन बंद झाला.

बाईंनी पुन्हा लावला. लागला नाही.

मग त्यांनी ओट्यावर बसून मांडीवर अर्ज ठेवला. सेवादासच्या नावापुढं, त्याच्या बायकोच्या, आजीच्या नावापुढं खात्री झाल्याची खूण केली. पिंकीचं नाव त्या यादीत नव्हतंच. ते शाळेच्या हजेरीत होतं, आणि हजेरी कुलपात.

पुढच्या दारातून म्हातारा भाऊसिंग विचारत होता, "म्याडम, आमचं घर आजच करसान, का उद्या?"

"आजच," बाई म्हणाल्या आणि उठल्या.