काट्याचे दात

लाकूड खोटं बोलत नाही, असं वखारीत सगळे म्हणत. मालकांच्या सुनेला ते पटत नसे. लाकूड पोटभर खोटं बोलतं. वरून कोरडं, हाताला उबदार, ओलाव्याच्या मीटरच्या सुया टोचल्या तर आकडाही शहाण्यासारखा दाखवणार, आणि आत मात्र ताण धरून बसलेलं. त्याच्याकडून खरं वदवून घ्यायचं तर फळीच्या मधल्या भागातून आडवा काप घ्यायचा आणि त्याचा गाभा करवतीनं काढून टाकायचा. उरतो दोन दातांचा काटा. दात सरळ राहिले तर फळी शांत आहे. दात एकमेकांकडे झुकले तर सुकवणीच्या भट्टीत घाई झालेली आहे.

तिच्या हातातल्या काट्याचे दात नुसते झुकले नव्हते. चिमटीत धरल्यासारखे मिटले होते.

ती तो घेऊन भट्टीमागे गेली. तिचा नवरा, मालकांचा थोरला मुलगा, दाराच्या रबरी पट्टीला ग्रीस लावत होता. तिनं काटा पुढे धरला. त्यानं एकदा बघितलं आणि पुन्हा ग्रीसच्या डब्यात बोटं घातली.

"बघितलंस?"

"आंधळा नाहीये मी."

"सुरुवातीलाच उष्णता चढवलीस. वरची कातडी आधी सुकली, आत ओलं. ओल्या पोटानं कातडीला आकसू दिलं नाही, ती ताणलेलीच वाळून गेली. मग पोट सुकायला लागलं, तर आता कातडी..."

"पुस्तक नको वाचून दाखवू. बाबा डोक्यावर उभे होते. 'चढव, चढव, भट्टी आहे की देवघर?' मी काय करायचं होतं?"

"बरं, झालं ते झालं. वाफ दे. कातडी ओली होऊन मऊ पडेल, ताण सुटेल. एका दुपारचं काम आहे."

"वाफेच्या नळाचं चाक कुठंय?"

तिनं वर बघितलं. पाइपवर जिथं लाल लोखंडी चाक असायचं तिथं नुसता चौकोनी दांडा उघडा पडला होता.

"बाबा दुरुस्तीला दिलंय म्हणाले. पान्यानं फिरवून बघितलं, दांडा गुळगुळीत झालाय, पकड बसत नाही." त्यानं हात पुसले. "उद्या जिनेवाला येतोय."

जिनेवाला म्हणजे नाट्यगृहाच्या जिन्याचं काम घेतलेला सुतार. पायऱ्या, कठडे, सगळं या लाकडाचं होणार होतं. भट्टीच्या याआधीच्या खेपेतल्या खिडक्यांच्या चौकटी गिऱ्हाइकाकडे जाऊन केळ्यासारख्या वाकल्या होत्या आणि परत आल्या होत्या. त्या रात्री जेवताना मालकांनी घास न थांबवता सांगितलं होतं: पुन्हा एक फळी जरी परत आली, तर थोरल्यानं भट्टीकडे फिरकायचं नाही. थोरला दहावी नापास होऊन भट्टीवर आला होता. त्याला दुसरं काहीही येत नव्हतं, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बाबा उद्या तुलाच काटा काढायला सांगणार," तो म्हणाला. "जिनेवाल्यासमोर. सून लाकडाचं शिकलेली आहे, हे दाखवायचंय त्यांना. तू टोकाजवळचा काप घे."

"टोकाला रेशांची तोंडं उघडी असतात, ओल पटकन निघून जाते. तिथला काटा सरळ येईल. पण तो खरा नसतो."

"मला खरा नकोच आहे. मला भट्टी हवीय." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "माल आठवडाभर इथंच राहणार आहे. तोवर चाक येईल. मी गुपचूप वाफ देईन. जिन्याचं काही बिघडणार नाही. माझं तेवढं वाचेल. एवढं करशील ना?"

"करते," ती म्हणाली.

आणि त्या क्षणी तिला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवतीभोवती सगळी वखार गोळा झाली. मालक खुर्ची आणवून बसले. त्यांना उभं राहून तमाशा बघायला आवडत नसे.

"या, या," ते जिनेवाल्याला म्हणाले. "आमच्या थोरल्याची करामत बघा. मागच्या वेळी चौकटी पाठवल्या, त्यांच्या होड्या झाल्या. गिऱ्हाईक म्हणालं, तळं असतं तर सोडल्या असत्या!"

कामगार हसले. थोरलाही हसला, सगळ्यांत शेवटी.

जिनेवाल्यानं एका फळीवरून तळवा फिरवला. "दिसायला झकास आहे."

"दिसायला हाही झकासच आहे," मालकांनी मुलाकडे हनुवटी केली. "म्हणून तर चाचणी. सूनबाई, घ्या करवत. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

तिनं फळी बाकावर ओढली. टोकापासून वीतभर आत पेन्सिलची बारीक रेघ होती. थोरल्यानं पहाटेच येऊन मारून ठेवली असणार, अगदी काटकोनात, गुण्या लावून. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो लाकडी पट्ट्यांच्या ढिगाशी उभा राहून एका पट्टीवरची साल नखानं काढत होता.

करवत सुरू झाली. तिनं फळी रेघेवर आणली. पलीकडे जिनेवाला उभा होता, कानामागे पेन्सिल, नजर पात्यावर. हा माणूस जाणकार आहे. टोकाला काप घेतला तर तो काही बोलणार नाही, पण मनात म्हणेल, बाईला नमुना कुठून घ्यायचा तेही कळत नाही.

पुढे कितीतरी वेळा तिनं स्वतःला सांगून पाहिलं की आपल्याला पायऱ्यांची काळजी होती, त्यांवरून चढणाऱ्या माणसांची होती. तसं काही नव्हतं. तिला चुकीची दिसायचं नव्हतं, एवढंच.

तिनं फळी पुढे सरकवली. रेघ पात्याखालून निघून गेली. मधल्या भागात काप घेतला, गाभा काढला, करवत बंद केली. सगळ्यांच्या देखत काट्याचे दात एकमेकांना येऊन टेकले.

कुणी हसलं नाही. थोरल्याच्या हातातली पट्टी मात्र खाली पडली.

"आपलेच दात नि आपलेच ओठ," तो म्हणाला. कुणाला उद्देशून, ते काट्याकडे बघून बोलल्यामुळे समजलं नाही. तिला समजलं.

"बघा!" मालकांनी मांडीवर थाप मारली. "नाचता येईना, अंगण वाकडं! बायको मांडीला मांडी लावून जेवते, तिच्याकडून तरी शिकायचंस रे. बायकोनंच तुझे दात घशात घातले."

जिनेवाल्यानं काटा उचलून डोळ्यांपुढे धरला. "यात एवढं काय, मालक? वाफ द्या. सुटेल ताण. मला माल पुढच्या आठवड्यात हवाय."

"देऊ की," मालक म्हणाले आणि सदऱ्याच्या खिशात हात घातला. लाल लोखंडी चाक बाहेर आलं. रंग जिथं थोरल्याच्या बोटांनी उडाला होता तिथं लोखंड चकाकत होतं.

बाहेर ट्रकवाला चहाचा कप विसळत होता.

"दुरुस्तीला दिलं होतं ना?" तिनं विचारलं.

"दुरुस्तीच चालली होती. चाकाची नाही." ते थोरल्याकडे बघतही नव्हते. "दोन वर्षांपूर्वी तुमच्या घरी आलो होतो तेव्हा लोकांना वाटलं मी सून बघायला आलोय. मी भट्टीवाला बघायला आलो होतो. पण याला बाजूला करायला कारण हवं, आणि ते परक्यासमोर, घरच्याच माणसाच्या हातून हवं. नाहीतर जन्मभर म्हणत बसला असता, बाबांनी अन्याय केला. आता कुणाला म्हणेल?"

त्यांनी चाक तिच्यापुढे धरलं.

"आजपासून भट्टी सूनबाईची. हा फळ्या रचेल. हमालीला डोकं लागत नाही."

नको म्हणायला एक शब्द पुरला असता. तो तिला येतही होता. थोरला पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघत होता. त्या बघण्यात राग नव्हता, तो फक्त वाट बघत होता. पण मनात कधीपासून आखून ठेवलेलं सुकवणीचं सगळं वेळापत्रक तिला त्याच वेळी डोळ्यांसमोर दिसलं: आधी मंद आच, भरपूर दमट हवा, घाई नाही. एकही फळी वाकणार नाही.

तिनं चाक घेतलं. ते म्हाताऱ्याच्या अंगाच्या उबेनं कोमट झालं होतं.

वाफ दिली. लाकूड शांत झालं. दुसऱ्या काट्याचे दात पट्टीनं आखल्यासारखे सरळ उभे राहिले आणि जिनेवाला माल घेऊन गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण लाकडाचा पीळ जातो. त्याला फक्त वेळेवर वाफ द्यावी लागते.

भट्टीच्या पुढच्या खेपेचा माल आला तेव्हा थोरला फळ्या रचत होता. फळ्यांच्या दोन थरांमध्ये हवा खेळावी म्हणून पट्ट्या ठेवतात, आणि त्या खालपासून वरपर्यंत एकाच रेषेत याव्या लागतात. तिनं वाकून बघितलं. एक पट्टी बोटभर सरकली होती.

"ही काढ."

"एवढ्यानं काही होत नाही."

"होतं. फळी तिथंच वाकते." कामगार ऐकत होते, आणि ते ऐकतायत हे तिला ठाऊक होतं. "डोळे कुठं ठेवून आलास? भट्टी आहे की देवघर?"

कुणीतरी फिसकन हसलं. थोरल्यानं वरच्या सगळ्या फळ्या एकेक करून उतरवल्या, पट्टी सरळ केली आणि फळ्या पुन्हा चढवल्या. खुर्चीतून मालक खुशीनं मान डोलवत होते.

संध्याकाळी वखार बंद करताना तिनं वाफेच्या नळाचं चाक दांड्यावरून काढलं, पदराला पुसलं आणि घरी जाताना आपल्या पिशवीत टाकलं.