काही लागलं तर सांगा

"नो फोटोज इन हिअर, प्लीज," नर्सने दुसऱ्यांदा बजावलं, तेव्हा कुठे परीक्षितने मोबाइल खिशात घातला. परीक्षित हा रंगनाथरावांचा स्वीय सहायक, आणि रंगनाथराव म्हणजे पक्षाचे महाराष्ट्र प्रदेशाध्यक्ष. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या त्या हॉस्पिटलात या पदाची कुणाला गंधवार्ताही नव्हती, आणि साहेबांचा चेहरा त्यानेच उतरला होता.

रंगनाथरावांची मुलगी इरावती आईच्या उशाशी उभी राहून बापाकडे बघत होती. उद्या सकाळी आईच्या हृदयाची झडप बदलणार होते. मुलीकडे राहायला आल्यापासून सुप्रभाने नवऱ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. या वेळी एकच मागितलं, ऑपरेशनला यांनी इथे असावं. रंगनाथराव आलेही. पण ते लंडनच्या वेम्बली भागातल्या एका मंडळाने सत्कार ठेवला म्हणून आले होते, हे इरावतीने आईला सांगितलं नव्हतं.

या माणसाने जन्मभर वारा येईल तशी पाठ फिरवली. चार पक्ष झाले, आणि चारही ठिकाणी अखेरच्या श्वासापर्यंत राहण्याच्या आणाभाका झाल्या. भाषण धड येत नव्हतं, कामाच्या नावाने तर आनंदच होता. एक विद्या तेवढी साधली होती, सांत्वनाला जाण्याची. जिल्ह्यात कुणाकडे माणूस गेलं की यांची गाडी दारात. मान तिरकी करायची, म्हातारीच्या डोक्यावरून हात फिरवायचा, घरातल्या थोरल्याला 'काही लागलं तर सांगा' म्हणायचं आणि चहा यायच्या आत निघायचं. एवढ्या भांडवलावर गडी प्रदेशाध्यक्ष झाला. स्वतःची आई गेली, तेव्हा मात्र दिल्लीत तिकीटवाटप चाललं होतं.

"बसा ना," सुप्रभा म्हणाली.

"असू दे. बरं वाटतंय ना?"

"उद्या थांबाल?"

"इथले डॉक्टर नंबर एक आहेत. काळजीच नको."

"बाबा, ती थांबायचं विचारतेय," इरावती म्हणाली.

"अगं, आज संध्याकाळी वेम्बलीला कार्यक्रम, रात्री फ्लाइट. तिकडे जागावाटप अडलंय माझ्यावाचून."

"तुमच्यावाचून काही अडत नाही हो! हार्ट ओपन करणारेत तिचं उद्या. एक दिवस राहा, प्लीज."

रंगनाथरावांनी घड्याळ पाहिलं. मग त्यांची मान आपोआप तिरकी झाली. बायकोच्या केसांवरून त्यांनी हात फिरवला, दोन्ही हात जोडले आणि इरावतीकडे वळून गंभीर आवाजात म्हणाले, "काही लागलं तर सांगा."

इरावतीला त्या क्षणी बापाची किळस आली. साहेब निघालेसुद्धा. जाताना वॉर्डातल्या प्रत्येक पलंगाला त्यांनी नमस्कार केला. एका गोऱ्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर थोपटलं. तो दचकलाच.

शेजारच्या पलंगावरच्या डोरीनबाईंना राहवेना. "हू वॉज दॅट, लव्ह? युअर लोकल कौन्सिलर?"

इरावती सांगायला तोंड उघडणार, तोच आईने तिचा हात दाबला.

"समवन फ्रॉम बॅक होम," सुप्रभा शांतपणे म्हणाली. "ही व्हिजिट्स एव्हरीबडी."

इरावतीने पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला. आईला कुणासमोर रडायची सवय नव्हती.